किती आजारी आहेस?

नुकत्याच नोकरीला लागलेल्या वैमानिकाने सकाळी फोन करून 'आज मला बरे नाही, मी येऊ शकत नाही' असे कळवले, तर त्याच्याविषयी आपले मत काय होईल? हा प्रश्न मी अलीकडे बऱ्याच जणांना विचारून पाहिला. माझ्या ओळखीत बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एस.टी.तून झालेले आहेत, शिक्षक तर पुष्कळच आहेत. बहुतेकांचे उत्तर एकाच वळणाचे आले. 'एवढा पगार घेतात आणि सर्दी झाली की घरी बसतात!' 'आम्ही अंगात ताप असताना कामावर गेलो.' 'पहिल्याच वर्षी ही तऱ्हा, मग पुढे काय होणार?' मग मी दुसरा प्रश्न विचारतो. तुमची मुलगी ज्या विमानात बसली आहे, त्याच्या वैमानिकाचे नाक चोंदले आहे, कान दुखतो आहे आणि त्याने झोप आणणारी गोळी घेतली आहे, हे तुम्हाला चालेल का? यावर मंडळी गप्प होतात किंवा चहाचा विषय काढतात.

दोन्ही उत्तरे एकाच डोक्यात सुखाने नांदतात, याचे मला नवल वाटते. माझे म्हणणे अगदी सरळ आहे. आजारी असताना 'मी उडवणार नाही' असे कळवणे ही वैमानिकाला दिलेली सवलत नव्हे, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. आणि ज्याला हे काम सगळ्यांत अवघड जावे अशीच सारी रचना करून ठेवली आहे, तो म्हणजे नवा वैमानिक. कंपन्यांनी ही रचना केली, नियामकांनी ती चालू दिली, आणि आपण प्रवासी 'अंगात ताप असताना कामावर गेलो'च्या गोष्टी सांगत तिला हातभार लावतो.

आधी नियम काय सांगतो ते पाहू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे की, आपली शारीरिक क्षमता कमी झाल्याचे ज्याला जाणवते त्याने परवान्याचा वापर करू नये. अमेरिकेतही असाच स्वतंत्र नियम आहे. म्हणजे डॉक्टरांचे प्रमाणपत्र खिशात असले, त्याची मुदत संपायला सहा महिने असले, तरी आज सकाळी बरे नसेल तर आज तो वैमानिक नाही. हे कुणी ठरवायचे? त्याने स्वतः. बाहेरून कुणाला कळणारच नाही. साऱ्या सुरक्षेच्या डोलाऱ्यातली ही एक वीट अशी आहे की ती एका माणसाच्या खरे बोलण्यावर टेकलेली आहे.

आता कुणी म्हणेल, सर्दीचे एवढे काय कौतुक? मास्तरकीची सवय म्हणा, पण हे जरा समजावून सांगतो. आपल्या कानाच्या पडद्यामागे हवेची एक पोकळी असते आणि ती एका बारीक नळीने घशाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. विमान वर जाते तेव्हा केबिनमधला दाब कमी होतो (बाहेर पस्तीस हजार फूट असले तरी आत साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढा दाब राखतात) आणि कानातली जादा हवा त्या नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना उलटे होते. बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत जावी लागते. पण ती नळी एकेरी झडपेसारखी वागते. बाहेर सोडते चटकन, आत घेते कुरकुरत. सर्दीने ती सुजली असेल तर घेतच नाही. पडदा आत ओढला जातो, कळ डोक्यात जाते, ऐकू कमी येते, कधी चक्कर येते, कधी पडदा फाटतोही. म्हणजे सर्दी झालेल्या वैमानिकाला सर्वांत जास्त त्रास होण्याची वेळ कोणती? उतरण्याची. आणि सर्वांत जास्त लक्ष देण्याची वेळ? तीच!

गोळी घेऊन भागत नाही, कारण सर्दीच्या साध्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्या गुंगी आणतात. अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्स्पोर्टेशन सेफ्टी बोर्डाने २०१४ साली अपघातांत मेलेल्या वैमानिकांच्या रक्ततपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले बहुतेक खासगी लहान विमाने चालवणारे होते, हे आधीच सांगतो. त्यांच्या रक्तात सापडलेल्या आणि माणसाला मंद करू शकणाऱ्या औषधांत सगळ्यांत जास्त वेळा सापडले ते ना दारूच्या जातीचे होते ना अफूच्या. ते सर्दी-ॲलर्जीवर घेतात तेच गुंगीचे औषध होते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण, कारण त्यावाचून हे सगळे पुस्तकी वाटेल.

१२ फेब्रुवारी २००९ची रात्र. कोलगन एअर या छोट्या अमेरिकन कंपनीचे विमान न्यूअर्कहून बफेलोला निघाले. उतरायच्या थोडे आधी ते एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. सहवैमानिक २४ वर्षांची मुलगी होती. नोकरीला लागून तिला जेमतेम एक वर्ष झाले होते. तिचा तळ न्यूअर्कला, पण राहायची ती आई-वडिलांजवळ सिॲटलकडे, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. का, तर तिच्या पगारात न्यूअर्कसारख्या ठिकाणी बिऱ्हाड करणे परवडणारे नव्हते. तिच्या पगाराच्या आकड्यावरून पुढे सुनावणीत बराच घोळ झाला, पण सोळा हजार म्हणा की चोवीस हजार म्हणा, वर्षाला तेवढे डॉलर. तिकडे तेवढ्यात काय होते ते तिकडे मुले असलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांत फुकटची जागा मिळवून मेम्फिसमार्गे सकाळी न्यूअर्कला पोचली. दिवसभर कर्मचाऱ्यांच्या खोलीत कोचावर थोडीफार पडली. आणि तिला सर्दी झाली होती.

कॉकपिटमधले बोलणे टिपणाऱ्या यंत्रात तिचे शिंकणे आहे, नाक ओढणे आहे. आणि उड्डाणापूर्वी कॅप्टनशी झालेले बोलणेही आहे. तिच्या बोलण्याचा आशय असा. घरी असताना इतके वाईट वाटत असते तर मी इथवर आलेच नसते. पण आता इथे येऊन आजारी आहे असे कळवले, तर बरे वाटेपर्यंत हॉटेलचे पैसे मला भरावे लागतील. त्यापेक्षा उडवून बघते. दाब फारच सोसेना झाला तर उद्या कळवीन, तेव्हा निदान कंपनीच्या खर्चाने हॉटेलात तरी असेन.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कागद बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. त्या बोलण्यात बेफिकिरी शोधूनही सापडत नाही. त्यात एका काटकसरी मुलीचा हिशेब आहे. आपल्या घरातली कुठलीही शहाणी लेक असाच हिशेब करील.

चौकशी मंडळाने अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनची चुकीची कृती असे दिले. वेग घटल्याची सूचना मिळताच नाक खाली करायचे, तर त्याने दांडा मागे ओढला. सहवैमानिकेच्या सर्दीचा तिच्या कामावर थेट परिणाम झाला असण्याचा संभव कमी, असेही मंडळाने नोंदवले. थकव्याबद्दल सांगितले की दोघांच्याही कामावर त्याचा परिणाम झाला असावा, पण अपघातात त्याचा नेमका वाटा किती हे ठरवता येत नाही. मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्ष डेबरा हर्समन यांना हे पटले नव्हते. थकव्याला कारणांत स्थान हवे असे त्यांचे मत होते. मी मंडळाचा निष्कर्ष मान्य करून चालतो. सर्दीमुळे विमान पडले असे मी म्हणत नाही.

मी म्हणतो ते वेगळे. उडवायचे की नाही हा निर्णय त्या रात्री कशावर झाला? कानावर नाही, डोक्यावर नाही, नियमावर तर नाहीच. हॉटेलच्या बिलावर झाला! आणि असे निर्णय त्या एकाच रात्री झाले असे समजणारा भाबडा म्हणायचा. बाकीच्या रात्री विमाने सुखरूप उतरली, म्हणून ती संभाषणे कुणी ऐकली नाहीत, एवढेच.

नव्या माणसाची कोंडी समजून घ्यायला हवी. जुना कॅप्टन आजारी असल्याचे कळवतो तेव्हा त्याच्यामागे वीस वर्षांची नोकरी असते, साठलेली रजा असते, संघटना असते. नव्याकडे काय असते? अमेरिकेत बहुतेक कंपन्यांत पहिले वर्ष प्रोबेशनचे. त्या काळात कामावरून काढले तर संघटनाही फारसे काही करू शकत नाही. रजा महिन्या-महिन्याला थेंब थेंब साठते, म्हणजे सुरुवातीला घागर रिकामीच. ज्येष्ठतेच्या यादीत तो तळाशी, म्हणून 'रिझर्व्ह'वर. दुसरा कुणी आला नाही तर याला बोलवायचे. आता ज्याला दुसऱ्याच्या आजारपणाची भरपाई म्हणूनच ठेवला आहे, त्यानेच आजारी पडायचे म्हणजे पंचाईतच. आपल्याकडे शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या सहज पुढे जातो. कित्येक घरांत त्यासाठी जमीन किंवा राहते घर गहाण पडते. शिवाय २०१७ पासून सहवैमानिकाला नोकरी सोडायची तर सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस, असा नियम झाला. म्हणजे धरता येत नाही आणि सोडताही येत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू एका कंपनीत सहवैमानिक आहे. कोणत्या ते लिहीत नाही, आणि त्याने तशी अटही घातली आहे. लागून चार-पाच महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. परगावच्या हॉटेलात पहाटे तीनला त्याचा कान ठणकू लागला. त्याने रोस्टरच्या विभागाला फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारले, 'किती आजारी आहेस?' मुलगा म्हणाला, 'कान दुखतोय.' 'हो, पण किती? एक सेक्टर होईल का? परत आल्यावर मग घे रजा.' हे सांगताना तो मला म्हणाला, "आजोबा, तो माणूस वाईट नव्हता हो. त्याच्याकडे दुसरा कुणी नव्हता." तो त्या दिवशी गेला नाही. पण पुढचे दोन महिने आपल्या कागदांत काय लिहिले गेले असेल या काळजीने त्याला नीट झोप लागली नाही. त्याला कुणी रागावले नाही, कुणी पत्र दिले नाही. नुसता तो एक प्रश्न पुरला.

'किती आजारी?' या प्रश्नातच सगळी खोच आहे. नियमाला हा प्रश्न ठाऊक नाही. नियम 'आहेस की नाहीस' एवढेच विचारतो. 'किती' म्हटले की घासाघीस सुरू झाली, आणि घासाघिशीत एका बाजूला कंपनी आणि दुसऱ्या बाजूला बावीस-तेवीस वर्षांचे कर्जबाजारी पोर असेल तर सौदा कुणाच्या बाजूने सुटणार?

'त्याच्याकडे दुसरा कुणी नव्हता' हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण का नव्हता, हे डिसेंबर २०२५ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ला लागू झाला, आणि महिनाभरात इंडिगोसारख्या देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची घडी विस्कटली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर माणसे बॅगांवर डोके ठेवून झोपली होती. त्याच दिवशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काय केले? साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, अशी जी सूचना कंपन्यांना दिलेली होती, ती मागे घेतली. म्हणजे रजा आणि विश्रांती यांचा हिशेब वेगळा ठेवा म्हणणारा कागदच उचलून घेतला. तापाने अंथरुणात पडलेल्या माणसाला 'तुझी आठवड्याची विश्रांती झाली की' असे सांगता येईल, अशी वाट पुन्हा मोकळी झाली. प्रवाशांचे हाल होत होते हे खरे. पण माणसे जेमतेम ठेवायची, आणि ती कमी पडली की नियमालाच सुटी द्यायची, हा कुठला न्याय?

आता दुसरी बाजू. ती मांडणारे मला हमखास २००९ सालची आठवण देतात. त्या सप्टेंबरात जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकदम 'आजारी' पडले आणि पाच दिवस प्रवाशांची दैना झाली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी तेच केले. मग या आजारपणावर विश्वास ठेवायचा कसा? लांडगा आला रे आला!

आक्षेप खोटा नाही. आजाराच्या रजेचे हत्यार केले की खऱ्या आजाऱ्याचा पहिला बळी जातो, हे मला मान्य आहे. पण दोन्ही वेळी काय झाले होते ते पाहा. २००९ला संघटना काढणाऱ्यांना कामावरून काढले होते. २०२४ला गाऱ्हाणी साठलेली होती, आणि २५ जणांना कमी केल्यावर शेवटी कामगार आयुक्तांपुढे बसूनच ती मिटली, त्यांना परत घेतले गेले. जिथे तोंड उघडायची दुसरी जागा नाही तिथे माणसे आजारपणाच्या दाराने बाहेर पडतात. आणि शेकडो जण मिळून एकदम आजारी पडणे हे नव्या, एकट्या पोराच्या कानदुखीशी कसे जुळते? संपात माणसाला गर्दीची ऊब असते. पहाटे तीनला फोन करणाऱ्याला ती नसते.

अहमदाबादचा अपघात १२ जून २०२५ला झाला. त्यानंतर चार दिवसांनी, १६ जूनला, एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले. ५१ कॅप्टन, ६१ सहवैमानिक. हे पुण्याचेच खासदार आणि विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत सांगितले. तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. मला उलट त्या ११२ जणांचा आधार वाटला. आपल्याच कंपनीचे विमान पडले, ओळखीची माणसे गेली, आणि चार दिवसांनी एकालाही बरे वाटेनासे झाले नसते, तर मी घाबरलो असतो.

न कळवलेल्या आजाराचे टोकाचे उदाहरण २४ मार्च २०१५चे आहे. जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान जाणूनबुजून फ्रान्समधल्या डोंगरावर घातले. तो धरून १५० जण गेले. त्याला डॉक्टरने त्या दिवसासाठी कामास अपात्र ठरवले होते. फाडलेले दाखले त्याच्या घरी सापडले. नोकरी लागून त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. त्याच्या कृत्याची सफाई कुणी देऊ शकत नाही, मीही देत नाही, आणि मनाचा आजार असलेली हजारो माणसे कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत हेही सांगायला हवे. पण फ्रेंच तपास यंत्रणेने अहवालात परवाना जाण्याच्या भीतीचा, पोट जाण्याच्या भीतीचा विचार केला, आणि आजाराने उड्डाण बंद झालेल्या वैमानिकाचे आर्थिक नुकसान कमी करण्याचे उपाय सुचवले, हे महत्त्वाचे. शहाण्या तपासनिसांना तो दाखला का फाटला, हाही प्रश्न पडला.

शाळांतून 'शंभर टक्के उपस्थिती'चे बक्षीस देतात. मी शिक्षक असताना या बक्षिसाविरुद्ध दरवर्षी शिक्षकांच्या खोलीत भांडायचो आणि दरवर्षी हरायचो. एके वर्षी डोळे आलेला एक मुलगा त्या बक्षिसासाठी वर्गात येत राहिला. आठ दिवसांत अर्धा वर्ग लाल डोळ्यांनी घरी बसला. बक्षीस मात्र त्यालाच मिळाले, पेला आणि प्रमाणपत्र! तोच पेला आपण आयुष्यभर मिरवतो. कधी रजा घेतली नाही म्हणून निवृत्तीच्या समारंभात टाळ्या घेतो. कारकुनाने तापात फाईल लिहिली तर फार तर बेरीज चुकेल. तेच माप वैमानिकाला लावायचे?

अमेरिकेत त्या अपघातानंतर कायदा बदलला. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी तो अक्षरशः ओढून आणला. २०१० साली कायदा झाला, जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम आले. ड्युटीआधी सलग दहा तास विश्रांती, त्यात आठ तास झोपेची सोय. मालवाहू विमानांना मात्र यातून वगळले, जणू त्यांचे वैमानिक झोपेवाचून जगतात. याच नियमांनी प्रत्येक उड्डाणापूर्वी 'मी कामास योग्य आहे' असे वैमानिकाने स्वतः नोंदवायचे ठरले. चांगले झाले. पण ज्याला 'नाही' लिहिण्याची सोय नाही त्याच्या 'हो'ला किंमत किती? प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच करून आणणारी मुले मी चाळीस वर्षे पाहिली. ती मुले लबाड असतात असे थोडेच आहे? घरी मार बसणार असतो.

म्हणून मागणी करायची तर त्या पोरांकडे धैर्याची करू नये. मागायचे ते कंपनीकडे मागावे. पहिल्या वर्षीही आजाराची रजा भरपगारी आणि पहिल्या दिवसापासून हाताशी असावी, साठायची वाट पाहू नये. तळापासून दूर आजारी पडला तर बरा होईपर्यंत हॉटेल आणि डॉक्टर कंपनीचा. रोस्टरच्या माणसाने फक्त 'बरं, काळजी घे' म्हणावे आणि फोन ठेवावा. खरेखोटे पाहायचे असेल तर ते डॉक्टरने नंतर पाहावे. आणि नियामकाने वर्षाकाठी कंपन्यांकडून एक आकडा मागावा: तुमच्या नव्या वैमानिकांनी किती वेळा आजारी असल्याचे कळवले? पावसाळ्याचे चार महिने गेले आणि दोनशे तरुणांतून एकालाही सर्दी झाली नाही असे कागद सांगू लागले, तर त्या कंपनीच्या दप्तरात तपासनीस पाठवावा.

आणि आपण? पुढच्या वेळी 'वैमानिक उपलब्ध नसल्यामुळे' उड्डाणाला उशीर झाला असे सांगितले, तर त्या काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नये. कुठल्या तरी हॉटेलच्या खोलीत एखाद्या पोराने आत्ताच फोन ठेवला असेल.